धुऱ्यावरचं आभाळ

बांगड्या विकणाऱ्या बाईला भाव करायला कुणी शिकवावं लागत नाही. गिऱ्हाइकाने एकदा मनगट पुढे केलं, बांगडी अंगठ्याच्या हाडावरून सरकली, की पुढचा सौदा तिचा राहत नाही, माझा होतो. वरवट बकालच्या आणि आजूबाजूच्या आठवडी बाजारांत मी अर्धं आयुष्य असं बसून काढलं. सासरचं दुकान नव्हतं, माहेरची पुंजी नव्हती. एक गोणपाट, एक टोपली आणि तोंड. जो माल खपत नसे तो मी फडक्याखाली सरकवून ठेवायची. बाईने बोट दाखवलं की म्हणायची, "ते नोको पाहू, ते दुसरीसाठी ठेवले हाय." मग ती तेच घेऊन जायची आणि वर मलाच धन्यवाद द्यायची.

त्याच तोंडाच्या जोरावर मी बचत गटाची अध्यक्ष झाले. गटाला फवारणीचा ड्रोन मिळाला तेव्हा शिकायला जाणारी आमच्या शिवारातली पहिली बाई मीच होते. विकणाऱ्याने जेवढ्या बॅटऱ्या दाखवल्या होत्या त्याच्या दुप्पट घेतल्याशिवाय मी त्याच्या खुर्चीवरून उठले नाही. शेवटी तो बिचारा म्हणाला, "ताई, तुम्ही जेवून तरी या." मी म्हटलं, "डबा संगं आणला हाय मी."

एवढी मी. आणि या मला, एका सौद्यात, माझ्या धाकट्या जावेने गुंडाळलं.

ती आमच्या घरात आली तेव्हा एवढीशी होती. सगळ्यांची जेवणं झाल्यावर चुलीपाशी बसून गुपचूप खायची, तेही अर्धी भाकर. मला ते बघवेना. मी तिला बाजाराला सोबत नेऊ लागले. टोपलीच्या मागे बसून ती फक्त बघायची. महिनोन्‌महिने तोंडातून शब्द नाही. मला वाटायचं, हिला यातलं काही कळत नाही.

ड्रोन आल्यावर ती माझा उजवा हात झाली. मी उडवायची, औषध कालवणं, टाकी भरणं, बॅटरी बदलणं तिच्याकडे. सगळ्यात मोठं काम म्हणजे शेत आखणं. उडवण्याआधी हातातलं यंत्र घेऊन शेताच्या कडेने चालावं लागतं आणि प्रत्येक कोपऱ्यावर बटण दाबावं लागतं. तेवढं झालं की ड्रोन आपला आपण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नांगराच्या तासासारखा सरळ जातो, सरकतो, परत येतो. लोक त्याला भुंगा म्हणतात. आखायचं काम ती करायची, पदर खोचून, चिखलात चपला हातात घेऊन. दुपारी आम्ही धुऱ्यावर बसून एकाच डब्यातून खायचो. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. तिच्या हातची मिरचीची भाजी इतकी तिखट असायची की मी शिव्या देत देत दुसऱ्यांदा वाढून घ्यायची.

मला तेव्हा कुणी विचारलं असतं की तुझं सुख कुठे आहे, तर मी त्या धुऱ्याकडे बोट दाखवलं असतं.

आणि मग तिने स्वतःचा ड्रोन आणला. तिच्या माहेरच्या गावातल्या गटाने तिला पुढे केलं, ती शिकून आली, परवाना घेऊन आली. "माहेरी जाऊन येतो बाई," एवढंच मला सांगून गेली होती. मला कळलं ते आबाजींकडून. आबाजी म्हणजे आमच्या शिवारातले सगळ्यात म्हातारे शेतकरी. धुऱ्याचं भांडण असो की विहिरीच्या पाळीचं, लोक अजून त्यांच्यापुढे जाऊन बसतात. ते मला सहज म्हणाले, "माह्या खालच्या वावरात यंदा तुझी जाऊ फवारून राह्यली ना? बरं झालं, घरातच राह्यलं काम."

आबाजींचं खालचं वावर मी पहिल्यापासून फवारत होते. पण वावराचं सोडा. सांगितलं असतं तर मीच तिला परीक्षेला घेऊन गेले असते. तिच्यासाठी बॅटऱ्यांचा भावही मीच केला असता. तिने मला सांगितलं नाही. त्या दिवसापासून आमचा अबोला सुरू झाला.

आमचं अंगण एक, चुली दोन, मधे कमरेएवढी भिंत. अबोला धरायला ही जागा फार गैरसोयीची आहे. त्यामुळे मी माझ्या बकरीशी बोलू लागले.

"खाय माय, खाय," मी मोठ्याने म्हणायची. "तुले चारा टाकला तं तू निदान शेपूट हालवतं. काही लोक शिकतात इथं अन् दुकान मांडतात तिथं."

भिंतीपलीकडे ती कपडे आपटत असायची. ती आपल्या बादलीला सांगायची, "काही लोकाईले वाटते आभाळ त्याईच्या बापानं सातबाऱ्यावर चढवून देलं."

आमचे दोघींचे नवरे, सख्खे भाऊ, कामाला एकाच मोटारसायकलवर जायचे, एकाच मोटारसायकलवर परत यायचे आणि अंगणात पाय ठेवला की एकमेकांची ओळख विसरायचे. शहाणपणा होता तो त्यांचा.

आता आभाळाचं सांगते. पहिल्या वर्षी ते माझं एकटीचं होतं. सातपुड्याच्या बाजूने येणारे बगळे, एखादी घार, आणि कपाशीत अंडी घातलेली टिटवी. ती भुंग्यामागे ओरडत धावायची. मी तिच्यासाठी तो कोपरा सोडून द्यायची. नंतर मात्र गर्दी झाली. पीक मोजायला येणारे कोणी एक छोटा ड्रोन उडवून जायचे. लग्नाचे फोटो काढणारा नवरदेवाच्या वरातीवरून उडवता उडवता शिवारात शिरायचा. कोणी मोठा माणूस हेलिकॉप्टरने येणार असला की मोबाइलवरच्या नकाशात आमचा भाग लाल व्हायचा आणि त्या दिवशी सगळं बंद. आणि आता जाऊ. फवारणीची वेळ सगळ्यांची एकच, सकाळची, वारा उठायच्या आत. त्यामुळे जो तो त्याच वेळी वर. कोण कुठे उडतो आहे हे कोणाला माहीत नाही, आणि ज्या दोघींना माहीत असायला हवं होतं त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या.

त्या सकाळी मी धुऱ्याच्या वरच्या अंगाला एका शेतकऱ्याची कपाशी फवारत होते. खालच्या अंगाला आबाजींचं वावर. तिथे ती असणार हे मला तिच्या मालवाहू ऑटोवरून दिसत होतं. मी तिकडे बघितलं नाही. तिनेही बघितलं नाही. आबाजी धुऱ्यावरच्या बाभळीखाली टेकून बसले होते.

माझा भुंगा धुऱ्यापर्यंत गेला आणि पलीकडे थोडा शिरला. त्याच वेळी तिचा भुंगा धुऱ्यापर्यंत आला आणि अलीकडे थोडा शिरला. मी बटणावर बोट नेईपर्यंत टक्‌ असा आवाज झाला. माझा भेलकांडत कपाशीत उतरला. तिचा एका अंगावर कलला, गरगरला आणि आबाजींच्या पायांपासून थोड्याच अंतरावर तुरीच्या ओळीत पडला. औषधाचा फवारा त्यांच्या धोतरावर गेला.

मी धावले. माझं यंत्र कुठे पडलं हे मी पाहिलंसुद्धा नाही. ती खालून धावत येत होती. आम्ही दोघी आबाजींपाशी एकदमच पोचलो. तिच्या हाताला तुरीच्या खोडाने ओरखडा आला होता, रक्त आलं होतं. अबोला विसरून मी ओरडले, "आंधळी हायेस का वं? लागलं का कुठी?"

"मले नाही लागलं. तुमचा भुंगा काऊन आला इकडे?"

"माह्या? तुहा आला तिकडे!"

"हे पाह्य, आधी माह्यं धोतर धुवा," आबाजी म्हणाले. आम्ही दोघींनी त्यांचे पाय, हात, धोतर पाण्याच्या कॅनने धुतलं. धुऊन झाल्यावर त्यांचा आवाज चढला.

"आज धोतरावर पडलं. उद्या डोक्यावर पडन. तुम्ही दोघी एका तोंडानं बोलत नाही तोवर या शिवारात एकही भुंगा उडणार नाही. मी सांगून राह्यलो सगळ्याईले."

आणि त्यांनी सांगितलं. दुपारपर्यंत सगळ्यांचे निरोप आले की फवारणी थांबवा, आबाजींशी बोलून घ्या.

कपाशी छातीपर्यंत आली होती आणि बोंडात अळी दिसायला लागली होती. भुंगा नाही म्हणजे पाठीवरचा पंप. त्या पंपाचं मला कुणी सांगायला नको. ड्रोन येण्याच्या आधी एका वर्षी माझा नवरा असाच उंच कपाशीत फवारताना भोवळ येऊन पडला होता. दिराने त्याला खांद्यावर घालून बाहेर काढलं. दवाखान्यात मी आणि जाऊ दोघी बाकड्यावर बसून होतो. ती माझा हात धरून होती. मी ड्रोनसाठी एवढी भांडले ती त्या बाकड्यामुळे. आणि आता संध्याकाळी मी अंगणात आले तर दोघे भाऊ परसातून जुने पंप काढून, त्यांच्या नळ्या फुंकून बघत होते.

मी भिंतीकडे बघितलं. ती भिंतीपलीकडे उभी होती आणि पंपांकडेच बघत होती.

"सकाळी धुऱ्यावर ये," मी बकरीला सांगितलं.

"हाव," बादलीने उत्तर दिलं.

सकाळी आबाजी बाभळीखाली आमच्या आधीच येऊन बसलेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "धुऱ्याच्या पल्याड काऊन गेल्या तुम्ही? दोघीही?"

मी म्हटलं, "वळणाले."

ती म्हणाली, "वळणाले."

आबाजी आधी आमच्याकडे बघत राहिले आणि मग इतके हसले की त्यांना खोकला आला.

आमच्याकडे डवरणी, म्हणजे पिकाच्या ओळींमधली कोळपणी करताना बैलजोडी तासाच्या टोकाला पोचली की वळायला जागा लागते. ती शेजाऱ्याच्या वावरात घेतात. तुझे बैल माझ्याकडे वळतील, माझे तुझ्याकडे. याला कोणी विचारत नाही, कोणी नाही म्हणत नाही. कितीही भांडण असलं तरी वळण बंद करणारा माणूस शिवारातून उठलाच समजा. मी शेत आखताना धुऱ्यावर थांबले नव्हते. चार पावलं पुढे जाऊन बटण दाबलं होतं. हात आपोआप गेला. तिनेही खालून येऊन तेच केलं होतं. भुंग्याला वळण लागतच नाही. तो थांबतो, बाजूला सरकतो, उलटा निघतो. हे शिकवताना आम्हाला सांगितलं होतं, परीक्षेत आम्ही दोघींनी लिहिलंही होतं.

"बैल एकमेकाईले पाहतात बाई," आबाजी डोळे पुसत म्हणाले. "जागा नसली तं मान वळवून उभे राहतात. तुमच्या भुंग्याले मान हाय का?"

जाऊ पदराने तोंड झाकून हसत होती. मलाही हसू येत होतं, पण मी रागावलेली होते म्हणून हसले नाही.

तिथून सौद्याला सुरुवात झाली. वळण बंद; आखणी धुऱ्याच्या आतच थांबवायची, हे दोघींनी लगेच मान्य केलं. धुऱ्यालगतच्या पट्ट्यात एका वेळी एकच यंत्र. जिचं यंत्र तिथे असेल तिने बाभळीला बांधलेल्या काठीवर आपलं फडकं चढवायचं. माझं लाल, तिचं पिवळं. दुसरीने तोपर्यंत वावराच्या आतल्या अंगाला राहायचं. उचलण्याआधी फोन, टेकल्यावर फोन.

"अबोला असला तरी?" तिने विचारलं.

"फोनवर अबोला नसते," आबाजी म्हणाले.

मग राहिली उंची. बॅटरी संपत आली की ड्रोन काम सोडतो, ठरलेल्या उंचीवर चढतो आणि जिथून उडाला तिकडे सरळ रेषेत परत निघतो. मधे कोण आहे हे आमची यंत्रं बघत नाहीत. दोन्ही एकाच विकणाऱ्याकडची, दोन्हींची परतीची उंची कारखान्यातून आली तशी, एकच. काल धुऱ्यावर टक्‌ झालं ते खाली होतं. उद्या परतताना वर झालं असतं आणि तेव्हा खाली कोण उभं असेल सांगता येत नाही. म्हणजे एकीने वरची उंची घ्यायची, एकीने खालची.

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "वरची मी घेतो."

माझं डोकं फिरलं. "तू काऊन? मोठी कोण?"

"मोठेपणाचं काय त्यात? माह्यं वावर सखल हाय, मले वरतीच बरं पडते."

"तुहं वावर? आबाजींचं वावर हाय ते. ड्रोन पहिले कोणी आणला या शिवारात?"

"तुम्ही."

"बटण दाबाले कोणी शिकवलं तुले?"

"तुम्हीच. पण वरची उंची मले पाह्यजे बाई. तुम्ही दुसरं काही मांगा."

ती जितकी नाही म्हणे तितकी मी पेटत गेले. बाजारात मी कोणाला इतका वेळ दिलेला नाही. मी धुऱ्यावरचा पहिला मान तिला देऊ केला, म्हणजे सकाळी तिचं पिवळं फडकं आधी चढेल. ती ऐकेना. मी आबाजींच्या वावरावरचा हक्क सोडला. ती खाली बघून गवताची काडी मोडत बसली. शेवटी उसासा टाकून म्हणाली, "घ्या बाप्पा. मोठ्या हायेत तुम्ही, म्हणून."

मी जिंकले. आबाजींनी दोघींना आपल्या डब्यातला खरबुजाच्या बियांचा लाडू दिला आणि घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी भुंगे उडाले. फोन, लाल फडकं, फोन, पिवळं फडकं. भावांनी पंप परत परसात टाकले. चार-पाच दिवसांत मला एक गोष्ट जाणवायला लागली. माझ्या बॅटऱ्या लवकर उतरत होत्या. तेवढाच पट्टा ती सहज संपवायची आणि माझा भुंगा त्याआधीच काम सोडून परतायचा. मी पंखे तपासले, नळ्या तपासल्या. मग एकदा परतीच्या वाटेवर त्याच्याकडे नीट बघितलं. तो प्रत्येक वेळी उंच चढत होता, वरचा वारा अंगावर घेत तिरका होत येत होता, आणि पुन्हा तेवढाच खाली उतरत होता. तिचा भुंगा त्याच्या खालून, निवांत, घरी आल्यासारखा यायचा.

मी धुरा ओलांडून गेले. ती डबा उघडून बसली होती.

"तुले मालूम होतं?"

"काय?"

"वरती बॅटरी जास्त खाते ते."

तिने माझ्यासाठी भाकरीचा तुकडा बाजूला ठेवलेला होता. तो पुढे करत म्हणाली, "हाव."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"फडक्याखाली ठेवलेल्या बांगड्याईचं तुम्ही गिऱ्हाइकाले सांगत होत्या का?"

टोपलीच्या मागे बसून बघणारी ती मुकी पोरगी. महिनोन्‌महिने. मला राग यायला हवा होता आणि आलाही, पण रागाच्या आत काहीतरी दुसरंच होतं. शाळेत पोराचा पहिला नंबर आल्यावर होतं तसं.

भाकरी खाता खाता मी विचारलं, "अन् ते ड्रोनचं? माहेरी गेली तेव्हाचं? ते काऊन नाही सांगितलं?"

तिने हातातला घास परत डब्यात ठेवला. "तुमच्यासंगं बोलायचं म्हणजे आधी भाव करा लागते बाई. मले भीती वाटली, मीच तुमच्या भावात पडन अन् घरीच राहीन." मग हळूच म्हणाली, "परीक्षेच्या दिवशी तुमचीच आठवण आली होती."

हे उत्तर मला अजून पुरेसं वाटत नाही. आठवण आली होती तर फोन होता. राग आहे तो आहे, तो मी एवढ्याशा वाक्यावर सोडणार नाही. मी तिला सांगितलं की सौदा झाला तो झाला, वरची उंची माझीच; बांगडी चढवून परत करणारी मी नव्हे. ती म्हणाली, "पाह्यजे तं बदलू." मी नाही म्हटलं. तिलाही माहीत होतं मी नाही म्हणणार.

आता शिवारात कोणालाही काही उडवायचं असलं तर आधी आम्हा दोघींपैकी एकीला फोन येतो. लग्नाचा फोटोवालाही करतो, पीक मोजणारेही करतात. बाभळीला कोणतं फडकं आहे ते लोक लांबूनच बघतात. आबाजी बहुतेक सकाळी त्याच बाभळीखाली असतात, मात्र धोतराऐवजी मुलाची जुनी पँट घालून.

आणि रोज सकाळी माझ्या ऑटोत, माझ्या बॅटऱ्यांच्या शेजारी, एक भरलेली जास्तीची बॅटरी ठेवलेली असते. तिच्या मुठीला पिवळ्या फडक्याची चिंधी बांधलेली. मी ती वापरते आणि संध्याकाळी रिकामी करून भिंतीवर ठेवते. त्याबद्दल मी तिला काही म्हणत नाही, तीही मला काही म्हणत नाही.

फक्त चारा टाकताना मी बकरीला सांगते, "काही लोकाईनं निदान दोन तरी ठेवायच्या होत्या."

भिंतीपलीकडे बादली जोरात आपटते, आणि मग हसण्याचा आवाज येतो.